लाइन आली, पण मेल आले नाहीत: बॅकअप मेल सर्व्हरची रांग का अडकते

तक्रार दर पावसाळ्यात तीच असते. माडाची झावळ तारेवर पडते, नाहीतर घाटात दरड येऊन फायबर तुटतो, आणि ऑफिसातला मेल सर्व्हर दीड-दोन दिवस जगापासून तुटतो. मग लाइन परत येते. ब्राउझर चालतो, व्हॉट्सॲप धडाधड वाजायला लागतं. पण मधल्या दोन दिवसांचे मेल काही येत नाहीत. बॅकअप सर्व्हरवर, म्हणजे मुख्य सर्व्हर बंद असताना त्याचे मेल घेऊन ठेवणाऱ्या दुसऱ्या मशीनवर, बघावं तर साडेतीनशे मेल रांगेत बसलेले. कुणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतं, तासाभराने मेल यायला लागतात, रीस्टार्टने काम झालं असं सगळे धरून चालतात. पुढच्या झडीला पुन्हा तेच.

रीस्टार्टने बहुतेक वेळा काहीही दुरुस्त झालेलं नसतं. रांगेतल्या मेलची ठरलेली वेळ भरली, एवढंच. खरं दुखणं वेगळं आहे आणि ते जवळजवळ प्रत्येक प्रकरणात एकाच जागी सापडतं: मुख्य सर्व्हर आणि बॅकअप सर्व्हर एकमेकांना ओळखत नाहीत. बॅकअपला मुख्य सर्व्हरवरची माणसं माहीत नसतात, आणि मुख्य सर्व्हर बॅकअपला रस्त्यावरून आलेला कुणी परका समजतो. खालचे सगळे बिघाड या ना त्या वाटेने तिथेच जातात.

इथे धरलेली मांडणी अशी. मुख्य सर्व्हर देवगड, गुहागर, दापोली अशा ठिकाणच्या ऑफिसात, स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) असलेल्या फायबरवर. बॅकअप म्हणजे मुंबई-पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला छोटा सर्व्हर. दोन्हीकडे पोस्टफिक्स हा मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम. डीएनएसमध्ये (इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत) मुख्य सर्व्हरचा एमएक्स, म्हणजे मेल कुणाकडे द्यायचा ते सांगणारी नोंद, १०; बॅकअपचा २०. आकडा लहान, त्याचा मान आधी. सेटिंगांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलमध्ये पोस्टफिक्सची नावं रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून लिहायची, फक्त ‘माय नेटवर्क्स’ तेवढं जोडून. वायरगार्ड आणि फेल-टू-बॅनची नावं त्यांच्या त्यांच्या पद्धतीने.

आधी रांग वाचा, मग हात लावा

बॅकअपवर मेलक्यू ही आज्ञा चालवली की प्रत्येक मेलखाली कंसात कारण दिसतं. घाईत लोक वरचा आकडा बघतात आणि कारण वाचतच नाहीत. अर्धं निदान त्या कंसात असतं.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असेल तर पलीकडून काहीच उत्तर येत नाही: लाइन मेलेली आहे, फायरवॉल पाकिटं गिळतोय, किंवा वाटेत कुणीतरी पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर-सर्व्हरमधल्या मेलचं दार, बंद ठेवलंय. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल तर आनंदच माना. मशीन जिवंत आहे, फक्त पोस्टफिक्स सुरू झालेलं नाही. ‘नो रूट टू होस्ट’ म्हणजे राउटरपर्यंत पोहोचलो, पुढे सर्व्हर बंद. आणि ४५० किंवा ४५१ ने सुरू होणारं वाक्य असेल तर लाइनचा काही दोष नाही. मुख्य सर्व्हर जागा आहे, बोलतोय, आणि ‘आत्ता नको, नंतर या’ असं सांगतोय. लाइन ठीक असताना मेल न येण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे आणि लोक सगळ्यात शेवटी इथे बघतात.

मेलच्या क्रमांकापुढे तारा असेल तर तो याच क्षणी पाठवला जातोय. उद्गारचिन्ह असेल तर कुणीतरी तो हातानं अडवून ठेवलाय आणि तो कितीही थांबलात तरी आपणहून जाणार नाही. पोस्टसुपर मोठ्या एच पर्यायासह चालवून सोडावा लागतो.

रांग मोठी असेल तर क्यूशेप डिफर्ड चालवा. कुठल्या डोमेनचे किती मेल किती मिनिटांपासून पडून आहेत, याचा तक्ता मिळतो. त्यात आपलं डोमेन सोडून भलतीच पन्नास डोमेनं दिसली तर मामला वेगळा. त्याबद्दल पुढे येतं.

एक प्रकार मात्र पहिल्यांदाच तपासून टाका. भाड्याच्या बऱ्याच सर्व्हरना बाहेर जाणारं पोर्ट २५ मुळात बंद असतं, स्पॅम रोखायला. आत येणारं चालू असतं. असा सर्व्हर बॅकअप म्हणून लावला तर तो मेल आनंदाने गोळा करतो आणि पुढे एकही पाठवू शकत नाही. लाइन चांगली असताना बॅकअपवरून मुख्य सर्व्हरच्या पोर्ट २५ ला टेलनेट करा. २२० ने सुरू होणारी ओळ आली नाही तर बाकीचं वाचण्याआधी सेवा देणाऱ्याकडे पोर्ट उघडून मागा.

तासभर थांबण्याचं गणित

पोस्टफिक्स न पोचलेला मेल पुन्हा कधी पाठवायचा, हे मेलच्या वयावरून ठरवतं. पहिली खेप ३०० सेकंदांनी, मग मेल जितका जुना होतो तितकं दोन खेपांमधलं अंतर वाढतं, पण ४००० सेकंदांच्या पुढे जात नाही. ४००० सेकंद म्हणजे सहासष्ट-सदुसष्ट मिनिटं. दोन दिवस पडून असलेल्या मेलची शेवटची खेप लाइन येण्याच्या पाच मिनिटं आधी वाया गेली असेल, तर पुढची तासाभराने. रीस्टार्टनंतर ‘तासाभराने आले’ ते यामुळे.

ज्या बॅकअपला एकाच घरी मेल पोचवायचे आहेत, त्याला एवढा संयम नको. ‘मॅक्सिमल बॅकऑफ टाइम’ ९०० सेकंदांवर आणा. किमान अंतर ३०० वर आहे, तसंच राहू दे.

लाइन आल्याआल्या मेल हवे असतील तर मुख्य सर्व्हरने बॅकअपला हाक मारावी. त्यासाठी एसएमटीपी या सर्व्हर-सर्व्हरमधल्या मेलच्या भाषेत ईटीआरएन नावाची आज्ञा १९९६ पासून आहे. मुख्य सर्व्हर बॅकअपच्या पोर्ट २५ ला जोडतो, ओळख देतो, ईटीआरएन आणि आपलं डोमेन म्हणतो. ‘२५० क्यूइंग स्टार्टेड’ असं उत्तर आलं की त्या डोमेनची रांग हलते. पोस्टफिक्समध्ये हे ‘फास्ट फ्लश डोमेन्स’ या सेटिंगवर चालतं आणि त्यात रिले डोमेनं (ज्यांचे मेल बॅकअप पुढे पोचवतो ती) आधीच धरलेली असतात, म्हणून वेगळं काही लिहावं लागत नाही. फक्त ‘एसएमटीपीडी ईटीआरएन रिस्ट्रिक्शन्स’ मध्ये आपल्या मुख्य सर्व्हरला परवानगी आणि बाकी सगळ्यांना नकार लिहा. नाहीतर कुणीही येऊन तुमची रांग ढवळू शकतो.

हाक केव्हा मारायची, यात चूक होते. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेत) दर दोन मिनिटांनी रांग हलवायची आज्ञा टाकणं हा सोपा आणि वाईट उपाय आहे. पावसात लाइन दहा मिनिटं येते, पाच मिनिटं जाते. त्या धरसोडीत दर वेळी सगळी रांग ढकलली तर तेच साडेतीनशे मेल पुन्हापुन्हा अर्ध्यावर तुटतात आणि नव्याने आलेले मेलही त्यांच्यामागे अडकतात. मुख्य सर्व्हरवर छोटी स्क्रिप्ट ठेवा: दर दहा मिनिटांनी बॅकअप पोचतोय का बघायचं, आणि मागच्या खेपेला पोचत नव्हता पण आत्ता पोचतोय, असं असेल तरच एकदा ईटीआरएन.

शिवाय बॅकअपवर ‘रिले डेस्टिनेशन कन्करन्सी लिमिट’, म्हणजे एका ठिकाणी एकाच वेळी किती जोडण्या करायच्या तो आकडा, २ करा. मूळ आकडा २० आहे. डेटा सेंटरमधून वीस जोडण्या एकदम सुटतात, प्रत्येकीत आठ-आठ एमबीचे फोटो, आणि पलीकडे भिजलेल्या टॉवरची फोर-जी लाइन. सगळ्या वीस जोडण्या वेळ संपून तुटतात, एकही मेल पोचत नाही. दोन असल्या तर हळू का होईना, पोचतात.

फायबर गेला, फोर-जीवर आलो, तरी मेल नाही

हा कोकणातला नेहमीचा प्रसंग म्हणून यावर जरा थांबू. ऑफिसचा राउटर फायबर गेल्यावर आपोआप फोर-जीवर येतो. माणसांना इंटरनेट मिळतं, म्हणून त्यांना वाटतं मेलही येईल. पण फोर-जीवर तुमचा स्टॅटिक आयपी नसतो. मोबाइल कंपनी हजारो गिऱ्हाइकांना एकाच बाहेरच्या पत्त्याआड बसवते, त्यामुळे बाहेरून कुणालाही तुमच्या पोर्ट २५ पर्यंत येता येत नाही. बॅकअप जुन्या पत्त्यावर टकटक करत राहतो.

यावर खात्रीचा उपाय टनेल, म्हणजे दोन सर्व्हरमधली खाजगी वाट. मुख्य सर्व्हरने आतून बाहेर, बॅकअपच्या पक्क्या पत्त्याकडे वायरगार्ड या प्रोग्रामचा टनेल काढायचा. जोडणी आतून सुरू होते म्हणून मोबाइल कंपनीची भिंत आड येत नाही. ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा, म्हणजे मधला राउटर जोडणी विसरत नाही. मग बॅकअपच्या ट्रान्सपोर्ट फाइलमध्ये (कुठल्या डोमेनचा मेल कुठे न्यायचा त्या यादीत) आपल्या डोमेनसमोर रिले, आणि चौकोनी कंसात मुख्य सर्व्हरचा टनेलमधला पत्ता लिहा. चौकोनी कंस विसरू नका. त्याचा अर्थ ‘एमएक्स शोधू नकोस, याच पत्त्यावर जा’. आता फायबर असो की फोर-जी, जी लाइन जिवंत असेल तिच्यावरून टनेल उभा राहतो आणि मेल येतात. टनेलमधून जाणाऱ्या मेलला भाड्याच्या सर्व्हरवरच्या बंद पोर्ट २५ चीही अडचण येत नाही. अर्थात बाहेरच्या जगाला पाठवायच्या परतीच्या सूचना तरीही अडकतात, तेव्हा पोर्ट उघडून घ्याच.

टनेल लावल्यावर एक फसवी खूण दिसते: दोन ओळींचे मेल येतात, जोडपत्र असलेले येत नाहीत. लॉगमध्ये ‘टाइम्ड आउट व्हाइल सेंडिंग मेसेज बॉडी’. ओळखपाळख, पाठवणारा, घेणारा इथपर्यंत सगळं सुरळीत होतं आणि मजकूर सुरू झाला की गाडी थांबते. हा पाकिटाच्या आकाराचा घोळ आहे. वायरगार्ड बहुधा १४२० बाइटचा एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, धरतो. मोबाइल जाळ्यात कुठेतरी त्याहून अरुंद वाट असते, आणि मोठं पाकीट निमूट फेकलं जातं. दोन्ही टोकांना टनेलचा एमटीयू १२८० करा. वेग किंचित कमी होतो, मेलला त्याने काही फरक पडत नाही.

आता टनेल अजिबात उभाच राहत नाही, असं झालं तर? किल्ल्या बरोबर, पोर्ट बरोबर, काल चालत होतं, आज वीज जाऊन आल्यावर नाही. मुख्य सर्व्हरवर तारीख विचारा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला असेल तर मशीन वीज आल्यावर कित्येक वर्षं मागच्या तारखेला जागं होतं. वायरगार्ड प्रत्येक ओळखपत्रावर वेळेचा शिक्का मारतो, आणि पलीकडचा सर्व्हर आधी पाहिलेल्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का घेत नाही. जुनी पाकिटं पकडून कुणी ती पुन्हा पाठवू नयेत म्हणून ही खबरदारी आहे. मागच्या तारखेचं मशीन म्हणून कायम बाहेरच राहतं.

तारखेचा दुसरा फटका आणखी छुपा. मुख्य सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (नावावरून पत्ता शोधणारा प्रोग्राम) डीएनएससेक, म्हणजे त्या उत्तरांवरच्या डिजिटल सह्या, तपासत असेल तर त्याला साऱ्या सह्या भविष्यातल्या वाटतात. सही असलेली नावं तो सांगायचं नाकारतो. पोस्टफिक्सला पाठवणाऱ्याचं डोमेन सापडत नाही, आणि ते ४५० देऊन मेल मागे लावतं: ‘सेंडर ॲड्रेस रिजेक्टेड, डोमेन नॉट फाउंड’. बॅकअपवर हे कारण दिसलं, आणि पाठवणारी डोमेनं मोठी, नामांकित असली, की आधी घड्याळ बघा. वेळ दुरुस्त करणारी सेवा नावाने वेळेचा सर्व्हर शोधते, नाव सापडत नाही, म्हणून वेळही दुरुस्त होत नाही: अशी ही गाठ बसते. ती सोडवायला वेळेच्या यादीत निदान एक पत्ता आकड्यांत लिहून ठेवा. आणि सेल बदला. मल्टिमीटरवर ३ व्होल्टचा सेल २.७ च्या खाली दाखवत असेल तर पावसाळ्याची वाट बघू नका.

सर्व्हर उघडलाच आहे तर नेटवर्कचा प्लगही काढून उजेडात धरा. खाऱ्या हवेत आठ पट्ट्यांपैकी एखादीवर हिरवट थर बसतो. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. एक गेली की जोडणी गुपचूप १०० वर येते आणि दमट दिवशी तुटत राहते. ईथटूल या आज्ञेत वेग १०० दिसला की नवा प्लग बसवा. घासूनपुसून तोच परत घालण्यात अर्थ नाही.

मुख्य सर्व्हर बॅकअपला परका समजतो

पाठवणाऱ्या डोमेनने एसपीएफ नोंदीत आपले सर्व्हर जाहीर केलेले असतात. तुमचा बॅकअप त्यात असण्याचं कारणच नाही. तरी बॅकअपकडून आलेला मेल मुख्य सर्व्हर तपासतो आणि म्हणतो, बँकेचा मेल आणि या भलत्याच पत्त्यावरून? नकार. हा नकार ५५० चा, म्हणजे कायमचा, असेल तर बॅकअपला तो मेल पाठवणाऱ्याकडे परत करावा लागतो. दोन दिवस जपून ठेवलेला मेल घराच्या उंबऱ्यावर हरवतो.

एसपीएफची तपासणी बाहेरच्या वेशीवरच करायची असते आणि त्या मेलसाठी वेस म्हणजे बॅकअप. म्हणून मुख्य सर्व्हरवर बॅकअपचा टनेलमधला पत्ता एसपीएफ तपासणीतून वगळा. ग्रेलिस्टिंग (अनोळखी पाठवणाऱ्याला आधी ‘नंतर या’ सांगणं) असेल तर तिथूनही वगळा. ४५० चे ढीग बहुधा ग्रेलिस्टिंगचेच असतात. पोस्टस्क्रीन हा पोस्टफिक्सचा दारावरचा पहारेकरी वापरत असाल तर त्याच्या यादीत, फेल-टू-बॅन (वारंवार नाकारल्या जाणाऱ्या पत्त्यांना बंदी घालणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्याच्या ‘इग्नोर आयपी’ मध्ये तो पत्ता घाला. फेल-टू-बॅनचा प्रसंग ओळखायला सोपा आहे: पहिले तीस-चाळीस मेल सुरळीत येतात, त्यात चार-पाच स्पॅम नाकारले जातात, आणि त्यानंतर अचानक ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. दहा मिनिटांनी पुन्हा तसंच. स्वतःच्याच बॅकअपला बंदी घातलेली असते.

स्पॅमअसॅसिन ही स्पॅमची गाळणी असेल तर ‘इंटर्नल नेटवर्क्स’ आणि ‘ट्रस्टेड नेटवर्क्स’ या दोन्हींत बॅकअप लिहा. मग तो हेडरमधून एक पायरी मागे जाऊन, मेल बॅकअपला जिथून आला तो पत्ता तपासतो. हवं ते हेच.

बॅकअपला सरसकट ‘माय नेटवर्क्स’ मध्ये घालून मोकळं होण्याचा मोह टाळा. तसं केल्यावर बॅकअप तुमच्या मुख्य सर्व्हरमधून जगात कुठेही मेल पाठवू शकतो. बॅकअपमध्ये कुणी घुसलं तर दोन्ही घरं गेली. त्याऐवजी स्वीकारण्याच्या नियमांत ‘रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशन’ च्या खालच्या ओळीवर बॅकअपच्या पत्त्याला परवानगी द्या. आपल्या डोमेनचा मेल असेल तर बिनचौकशी आत, नसेल तर नाही.

डीकेआयएमची (पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल) सही मात्र मेलसोबत प्रवास करते आणि मजकूर बदलला नाही तर शाबूत राहते. डीएमएआरसीला, म्हणजे या तपासण्यांवरून मेल खरा की खोटा ते ठरवणाऱ्या नियमाला, तेवढं पुरतं. म्हणून बॅकअपवर तळटीप जोडणारं, विषयात ‘बाह्य मेल’ असं घालणारं काही ठेवू नका. बॅकअपने पत्र जसं आलं तसं ठेवावं आणि तसंच द्यावं.

डोमेनला एमटीए-एसटीएस (मेल सुरक्षित जोडणीवरूनच द्यावा असं सांगणारं धोरण) लावला असेल तर त्याच्या धोरणफाइलमध्ये बॅकअपचंही नाव हवं आणि बॅकअपच्या प्रमाणपत्रावरही तेच नाव हवं. नसेल तर हे धोरण पाळणारे मोठे पाठवणारे बॅकअपकडे मेल देतच नाहीत. रांग रिकामी दिसते आणि सगळं ठीक आहे असा भास होतो.

बॅकअपला घरातली माणसं माहीत नाहीत

‘रिले डोमेन्स’ मध्ये डोमेन लिहिलं आणि ‘रिले रेसिपियंट मॅप्स’ रिकामं ठेवलं, की बॅकअप त्या डोमेनचा कुठलाही पत्ता स्वीकारतो. अस्तित्वात नसलेलासुद्धा. स्पॅम पाठवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. मुख्य सर्व्हर चालू असतानाही ते मुद्दाम २० आकड्याच्या दारावर येतात, कारण तिथे पहारा ढिला असतो. बॅकअप तो कचरा घेतो, मुख्य सर्व्हर ‘असा माणूस इथे नाही’ म्हणतो, आणि बॅकअप ‘तुमचा मेल पोचला नाही’ अशी सूचना पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर धाडतो. तो पत्ता खोटा असतो, भलत्याच निरपराध माणसाचा. क्यूशेपमध्ये भलती पन्नास डोमेनं दिसतात ती हीच परतीची पत्रं. चार दिवसांत बॅकअपचा आयपी काळ्या यादीत जातो.

खऱ्या पत्त्यांची यादी मुख्य सर्व्हरवर तयार करून रोज रात्री बॅकअपवर पाठवा: प्रत्येक ओळीवर एक पत्ता आणि पुढे ओके. टोपणपत्ते आणि गटाचे पत्ते राहून जातात, ते आठवणीने घाला. मग पोस्टमॅप ही आज्ञा चालवून ती पोस्टफिक्सला वाचता येईल अशी करा. स्क्रिप्टमध्ये एक अडसर हवाच: नवी यादी जुनीच्या नव्वद टक्क्यांहून लहान असेल तर ती लावायची नाही, आधी कुणाला तरी कळवायचं. कारण वीज जाताजाता अर्धवट तयार झालेली रिकामी फाइल बॅकअपवर गेली, तर त्याच रात्रीपासून तो सगळ्या ऑफिसला ५५० देऊन परत पाठवतो, आणि नेमका तेव्हाच तो एकटा जागा असतो.

यादीऐवजी मुख्य सर्व्हरला विचारून खात्री करण्याची सोय पोस्टफिक्समध्ये आहे. ती बॅकअपसाठी लंगडी पडते. मुख्य सर्व्हर बंद असताना आधी न पाहिलेल्या पत्त्याबद्दल विचारायचं कुणाला?

काळ्या याद्या आणि इतर गाळण्या बॅकअपवरही मुख्य सर्व्हरइतक्याच कडक हव्यात, आणि मेल स्वीकारण्याआधी लागायला हव्यात. स्पॅमहाउसची काळी यादी वापरत असाल तर बॅकअपला स्वतःचा रिझॉल्व्हर द्या. सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून विचारलं तर १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येतं; त्याचा अर्थ ‘तुम्ही चुकीच्या वाटेने विचारताय’ असा असतो, पण अपेक्षित उत्तरं नेमून दिली नसतील तर पोस्टफिक्स ते ‘यादीत आहे’ असं समजून चांगला मेलही नाकारतं.

मेलच्या आकाराची मर्यादा दोन्हीकडे तंतोतंत सारखी ठेवा. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे. जोडपत्र मेलमध्ये जाताना सुमारे ३७ टक्क्यांनी फुगतं, त्यामुळे त्यात जेमतेम साडेसात एमबीची फाइल मावते. मुख्य सर्व्हरवर कुणीतरी कधीतरी मर्यादा वाढवलेली असते, बॅकअपवर विसरलेली असते. मग पावसात तेवढी मोठी पत्रं ५५२ खाऊन परत जातात. २५ एमबीची फाइल चालायला हवी तर दोन्हीकडे ३,६७,००,१६० बाइट ठेवा, फाइलमध्ये स्वल्पविराम न घालता.

आणि बॅकअपचा स्वतःचा चेहराही तपासा. भाड्याच्या बऱ्याच सर्व्हरना आत खाजगी पत्ता असतो आणि बाहेरचा पत्ता वरून लावलेला असतो. पोस्टफिक्सला तो बाहेरचा पत्ता आपलाच आहे हे ठाऊक नसतं. मुख्य सर्व्हर बंद झाला की ते एमएक्सच्या यादीत २० आकड्याचा सर्व्हर शोधतं आणि स्वतःलाच मेल पाठवत बसतं. ‘प्रॉक्सी इंटरफेसेस’ मध्ये बाहेरचा पत्ता लिहिला की ही भोवरी थांबते. ट्रान्सपोर्टमध्ये चौकोनी कंस असेल तर ती तशीही होत नाही, तरीही लिहून ठेवा.

एकच मेल दोनदा

मुख्य सर्व्हरने मेल घेतला, ‘२५० मिळाला’ म्हणाला, आणि ते उत्तर बॅकअपला पोचण्याआधी लाइन गेली. बॅकअपच्या हिशेबी मेल गेलाच नाही. तो पुन्हा पाठवतो. एसएमटीपीत हे पूर्णपणे टाळता येत नाही. मुख्य सर्व्हरवरची विषाणू तपासणी शेवटच्या टिंबानंतर (मजकूर संपल्याच्या खुणेनंतर) फार रेंगाळत असेल तर प्रमाण वाढतं. बॅकअप त्या उत्तरासाठी ६०० सेकंद थांबतो. जुन्या मशीनवर रांग सुटल्यावर वीस मेल एकदम तपासायला आले तर तेही संपतात. कन्करन्सी २ केल्यावर हा त्रास बराच उतरतो.

पाच दिवस पुरत नाहीत

एसएमटीपीचे नियम सांगणाऱ्या २००८ च्या आरएफसी ५३२१ या दस्तऐवजामध्ये पाठवणाऱ्या सर्व्हरने साधारण चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावं, असं आहे. पोस्टफिक्सचं ‘मॅक्सिमल क्यू लाइफटाइम’ ही पाच दिवसच. एरवी वीज चार-सहा तासच जाते, त्याला बाहेरचे सर्व्हरच पुरे असतात. तेवढ्यासाठी बॅकअप ठेवणं म्हणजे आणखी एक दार राखणं. निष्काळजीपणे ठेवलेल्या बॅकअपपेक्षा बॅकअप नसलेला बरा.

पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या बऱ्याच गावांना वीज परत यायला आठवडे लागले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचं सामान वाळवूनही कामाचं राहिलं नाही. असा प्रसंग धरून बॅकअपवर मुदत चौदा दिवस करा. ‘बाउन्स क्यू लाइफटाइम’ एक दिवस पुरे. परतीच्या सूचना जास्त ठेवण्यात फायदा नाही. उशिराची सूचना पाठवणारं ‘डिले वॉर्निंग टाइम’ शून्यावर म्हणजे बंदच राहू द्या, नाहीतर स्पॅमच्या खोट्या पत्त्यांनाही सूचना जातात.

मुदत संकटाच्या मधोमध वाढवली तरी चालते. वय मेल आल्याच्या वेळेपासून मोजलं जातं आणि मर्यादा त्या क्षणीच्या सेटिंगची लागते, त्यामुळे अजून परत न गेलेले मेल वाचतात. पोस्टफिक्स रीलोड करायला मात्र विसरू नका.

जागेचा हिशेब असा करा. चाळीस माणसं, प्रत्येकी दिवसाला साठ मेल, सरासरी १५० केबी धरली तर दिवसाला ३६० एमबी. चौदा दिवसांचे पाच जीबी. स्पॅम आणि मोठी जोडपत्रं धरून वीस जीबी वेगळ्या पार्टिशनवर द्या. वेगळ्या, कारण लॉग आणि रांग एकाच जागी असले की लॉग फुगून रांगेचा गळा आवळतो. मोकळी जागा मेलच्या कमाल आकाराच्या दीडपटीखाली आली की पोस्टफिक्स ४५२ ‘इनसफिशियंट सिस्टम स्टोरेज’ म्हणून नवा मेल घेणं थांबवतं.

आगोटीच्या कामांत ही चाचणी

कौलं शाकारून होतात त्याच आठवड्यात, मेच्या शेवटी, हे करा. मुख्य सर्व्हरची केबल काढा, फोर-जीही बंद. दोन तास तसंच ठेवा. बाहेरच्या कुठल्याही फुकट मेल खात्यावरून तीन मेल पाठवा: एक साधा, एक वीस एमबीच्या जोडपत्राचा, आणि एक अशा पत्त्यावर जो तुमच्या ऑफिसात कधीच नव्हता.

तिसऱ्या मेलची परतीची सूचना थोड्याच वेळात यायला हवी, ती त्या फुकट मेल सेवेनेच दिलेली असावी, आणि तिच्यात ५५० व तुमच्या बॅकअपचं नाव दिसावं. लगेच काही आलं नाही आणि केबल जोडल्यावर बॅकअपच्या पोस्टमास्टरकडून सूचना आली, तर पत्त्यांची यादी लागू झालेली नाही.

दोन तासांनी आधी फक्त फोर-जी चालू करा, फायबर नाही. पहिले दोन्ही मेल टनेलमधून यायला हवेत. आल्यावर मेलचं पूर्ण हेडर उघडा आणि ‘रिसीव्हड’ च्या ओळी खालून वर वाचा. बॅकअपने घेतल्याची वेळ आणि मुख्य सर्व्हरने घेतल्याची वेळ तिथे असते. फोर-जी लागल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत दुसरी वेळ पडली पाहिजे. साधा मेल आला आणि मोठा आला नाही तर एमटीयू; दोन्ही आले पण जंक फोल्डरमध्ये गेले तर एसपीएफची सूट राहिली; काहीच आलं नाही तर मेलक्यूच्या कंसातलं कारण वाचा आणि वरून सुरुवात करा. तीन्ही बरोबर निघाले की केबल जोडा, फायबरवर आणखी एक मेल पाठवून बघा, आणि वेळ दुरुस्त करणारी सेवा सुरू आहे ना, तेवढं जाताजाता तपासा.